पाठकोऱ्या कागदांची पोच

त्या रविवारी मी वाण्याकडून सामान आणलं आणि यादी तिथेच विसरून आलो. लोक यादी घरी विसरतात आणि दुकानात डोकं खाजवत उभे राहतात. मी यादी नेली, मोठ्याने वाचून दाखवली, पिशव्या भरल्या आणि यादी काउंटरवर ठेवून स्कूटर सुरू केली. घरी बायकोने पिशव्या उपसल्या.

"मी कडवे वाल सांगितले होते. हे गोडे आहेत. यादी कुठाय?"

"दुकानात राहिली बहुतेक."

"म्हणजे तुम्ही चुकलात की वाणी, ते कळायचा मार्गच ठेवला नाहीत. पक्के वकील आहात!"

"अगं, यादीच तर होती," मी म्हणालो.

तेवढंच खरं नव्हतं. यादी पाठकोऱ्या कागदावर लिहिलेली होती. आमच्याकडे एका बाजूने कोरा असलेला कागद टाकत नाहीत. माझे वडील आलेल्या पाकिटांची शिवण उसवून आतल्या बाजूला हिशेबाची गणितं सोडवायचे. मी ते व्रत पुढे चालवलं. ऑफिसातून बाद झालेले मसुदे पिशवीत घालून घरी आणायचे, त्यांच्या पाठीवर याद्या, निरोप, नातीची चित्रं. उरलेले कागद बायको स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर डब्यांखाली अंथरते. आमचं मेतकूट कित्येक वर्षं एका गोपनीयतेच्या करारावर उभं आहे, आणि कराराचा भंग झाल्याची तक्रार अजून तरी आलेली नाही.

मी एका कंपनीचा पगारी वकील आहे. माझ्या मामांच्या मते कोर्टात चाललं नाही की माणूस कंपनीत वकील होतो. त्यात तथ्य नाही असं मी शपथेवर सांगणार नाही. आमच्या कंपनीच्या किहीमला नारळीच्या सावलीत कॉटेजेस आहेत, आणि चौलला एका वाडीत नवी उभी राहत होती. मालकांना सगळे शेठ म्हणतात. त्यांच्या आजोबांची मिठागरं, वडिलांचे ट्रक आणि शेठच्या कॉटेजेस. शेठ कायद्याला घाबरत नाहीत, कायद्याच्या कागदाला घाबरतात. जाडसर पाकीट आलं की न फोडता माझ्या टेबलावर आणून ठेवतात आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहतात.

हल्ली पाकिटंही तऱ्हेतऱ्हेची येतात. पूर्वी जास्तीत जास्त भिंतीचा वाद, नाहीतर किनाऱ्यापासूनच्या अंतराचा. आता कोणी पाहुणा इंटरनेटवर डासांबद्दल लिहितो आणि शेठ विचारतात, "त्याच्यावर केस टाकता येल का?" कोणी नोटीस संगणकाकडून लिहून घेतो, आणि तिच्यात अशा निकालांचे दाखले असतात जे कुठल्याच न्यायालयाने कधी दिलेले नाहीत. ते शोधण्यात माझे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी कळलं की ते नाहीतच, आणि मला उगीचच फार विद्वान वाटलं. या सगळ्यावर कडी म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपण्याचा नवा कायदा. पाहुण्याचं नाव, फोन नंबर, आधार कार्ड, सगळं ज्याचं त्याचं. आपण फक्त राखणदार. कामापुरतं ठेवायचं आणि काम संपलं की नष्ट करायचं.

यावर मी किहीमच्या जेवणघरात सगळ्या कामगारांना एकत्र बसवून भाषण दिलं. मागे मांदेली तळली जात होती, त्यामुळे लक्ष थोडं विभागलं होतं, माझंसुद्धा. पण शेवट मी जोरात केला. "आणि लक्षात ठेवा, कुठलाही कागद कोणाला द्याल, त्याची पोच घ्या. पोच नाही तर पुरावा नाही!"

हे भाषण मनावर घेणारी एकच व्यक्ती होती, आमच्या रिसेप्शनच्या बाई. माहेर माणगावच्या आतल्या गावातलं, भातशेतीवालं. भाताच्या पोत्यांवर खुणा करता करता हिशोबी झाले, असं त्या सांगतात. पाहुणा आला की आधारची झेरॉक्स, त्यावर 'मूळ प्रत पाहिली' असा कंपनीचा शिक्का, शिक्क्यावर त्यांची सही. चौलची कॉटेजेस सुरू झाली की तिथल्या व्यवस्थापक याच बाई, असं शेठनी ठरवलं होतं. चौलच्या चाव्यांचा जुडगा त्यांनी शेठच्या भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेला रोज पाहिला होता. पुढच्या सोमवारी तो त्यांच्या हातात पडायचा होता.

भाषणानंतर आठवड्याने त्या माझ्याकडे एक गठ्ठा घेऊन आल्या. मुदत संपलेल्या चोवीस झेरॉक्स, वर चोवीस नावांची यादी.

"साहेब, नष्ट करायचे म्हणाला होतात ना."

"ठेवा. मी फाडतो."

"पोच देताय ना?"

"अहो, माझ्याकडूनसुद्धा पोच?" मी हसलो. त्याही हसल्या आणि गेल्या.

मी पहिला कागद दोन्ही हातांत धरला आणि उलटा केला. काय कागद होता! जाड, पांढरा शुभ्र, एकही सुरकुती नाही. दोन इंच फाडला असेन नसेन, आणि वडील समोर उभे राहिल्यासारखं वाटलं. घरी नेऊन निवांत फाडू, असं ठरवून गठ्ठा पिशवीत टाकला. घरी गेल्यावर बायकोने तो नेहमीप्रमाणे पाठकोऱ्यांच्या खणात ठेवला, आणि मी नेहमीप्रमाणे विसरलो.

रविवारनंतरच्या बुधवारी दुपारी शेठचा फोन आला. "वकीलसाहेब, आत्ताच्या आत्ता या."

शेठच्या खोलीत कॉटेजमध्ये उतरलेले एक गृहस्थ होते, आणि रिसेप्शनच्या बाई होत्या. टेबलावर एक चुरगळलेला कागद आणि थोडे खारे शेंगदाणे. गृहस्थांनी नाक्यावरच्या वाण्याकडून शेंगदाणे घेतले होते. पुडी उलगडली, तर आत एका अनोळखी बाईंचं आधार कार्ड, आणि त्यावर ते स्वतः ज्या कॉटेजमध्ये राहत होते तिचाच शिक्का.

"उद्या माझं कार्ड कशात बांधून मिळेल?" त्यांनी विचारलं. "भज्यांत?"

शेठनी हात जोडले, त्यांना चहाला पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"बाई, ही सही कुनाची हाय?"

"माझी आहे, शेठ."

"मंग कागद भाईर गेलाच कसा?"

"मुदत संपलेले कागद मी नष्ट करायला दिले होते."

"कुनाला?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "माझ्याकडे पोच नाही."

इथे मी ताडकन उभा राहून सगळं सांगितलं असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी म्हणालो, "शेठ, हे तपासावं लागेल." वकिलाचं तोंड आपोआप असं वाक्य बोलतं. आणि मन लगेच पळवाट शोधायला लागलं. नवा कायदा आहे तो संगणकातल्या माहितीचा. ही झेरॉक्स, कागदावरची. मुळात कायदा लागू होतो का, यावर मी तासभर बोललो असतो आणि शेंगदाणे संपले असते.

"तपासा," शेठ म्हणाले. "तुमीच चौकशी करा. तवर चौलच्या चाव्या हितंच लटकू द्यात. ज्यांना चार कागद सांभालता येत न्हाय, त्यांच्या हाती वाडी कशी द्येऊ?"

बाईंनी तो कागद उचलला, शेंगदाण्याचं मीठ झटकलं, आणि उलटा करून माझ्यासमोर ठेवला. "चौकशी अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजू बघाव्यात," त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या.

दुसऱ्या बाजूला माझं अक्षर होतं. इतकी वर्षं माझे मसुदे टाइप करणाऱ्या बाईला ते ओळखायला चष्मासुद्धा लागत नाही. 'कडवे वाल अर्धा किलो', कडवेखाली दोन रेघा. 'सुके सोडे'. 'पाव दोन लाद्या'. आणि सगळ्यात खाली, '*मेतकूट संपलंय, विसरू नका*', हे बायकोने सांगितलं तसंच्या तसं.

"शेठ," मी म्हणालो, "चौकशी पूर्ण झाली."

"एवढ्यात?"

"आरोपी मीच आहे." आणि मग मी सगळं सांगितलं. गठ्ठा, पांढरा कागद, पोच मागितल्यावर मी हसलो ते, खण, वाणी.

शेठनी यादी वाचली. दोनदा वाचली. मला वाटलं आता नोकरी जाते. त्यांचं पोट आधी हललं, मग आवाज फुटला. "वकीलसाहेब! आमाला सांगता कागद जपा, आन् तुमी त्याच्यात शेंगदानं बांधता व्हय!" पण हसून झाल्यावर ते पुन्हा गंभीर झाले. "बाकीचं तेवीस कुठं हायत?"

"घरी. असतील."

"असतील नको. उद्या सकाली चोवीसच्या चोवीस हितं आनायचं. बाईंनी नावांच्या यादीशी ताडून घ्यायचं. एक जरी कमी पडला तर भाईर कुठं फिरतोय ह्ये कुनाला म्हायती? मंग चाव्या कुनालाच न्हाय."

"पण शेठ, चूक माझी आणि चाव्या त्यांच्या?"

"म्हनूनच सांगतो. तुमी नीट शोधाल."

माणसं ओळखण्यात शेठ माझ्या पुढे आहेत.

जाण्याआधी त्या कार्डावरच्या बाईंना मी फोन केला, कारण ज्याची माहिती बाहेर गेली त्याला कळवायला हवं, हेही माझ्याच भाषणात होतं. पुण्याच्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुन्हा आले तर कार्ड दाखवीन. पण झेरॉक्सचं पुढे काय करता, ते आधी लिहून मागीन." मी म्हटलं, जरूर मागा. आज आमच्या रिसेप्शनवर तसा लेखी कागद ठेवलेला असतो. तो मी लिहिला असं शेठ पाहुण्यांना सांगतात. तो त्या पुण्याच्या बाईंनी फोनवर लिहिला.

घरी आलो तेव्हा बायको कडव्या वालांना मोड आणायला बांधत होती. ते तिने स्वतः जाऊन बदलून आणले होते. मी सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हात पुसून म्हणाली, "त्या बाईंनी तुमचं नाव घेतलं नाही?"

"नाही."

"उठा मग."

खणातून एकवीस निघाले. पुडीवाला धरून बावीस. नातीच्या चित्रांच्या फाईलमध्ये एक सापडला. एका गंभीर गृहस्थाच्या पाठीवर तिने जांभळी मांजर काढली होती. तेवीस. चोविसावा मिळेना. रद्दी उपसली, स्कूटरची डिकी उघडली, पुस्तकं झटकली. संध्याकाळचा चहा गार झाला. मी खुर्चीत बसून मनातल्या मनात बाईंना काय सांगायचं याचा मसुदा करू लागलो. पहिलं वाक्यच जमेना.

"मेतकुटाचा नवा डबा मी कधी भरला?" बायकोने अचानक विचारलं.

"मला काय माहीत?"

"सोमवारी. तेव्हा खालचा कागद बदलला." ती स्टुलावर चढली, डबा उचलला, आणि चोविसावे गृहस्थ तिथे पालथे पडलेले होते. वरच्या कडेला दोन इंच फाटलेले. मेतकूट झटकून मी त्यांना गठ्ठ्यावर ठेवलं तेव्हा, खरं सांगतो, मला एखादी मोठी केस जिंकल्यासारखं वाटलं. अशी केस मी कधी जिंकलेली नाही, पण असंच वाटत असावं.

सकाळी बाईंनी एकेक कागद यादीशी ताडला, बोटाने खूण करत, पोती मोजावीत तशी. चोवीस. मग कागद फाडायचं यंत्र त्यांनी स्वतः चालवलं. मी नुसता उभा होतो. पांढऱ्या पट्ट्या भरभर खाली पडत होत्या, आणि वडिलांची आठवण येऊनही मी हात खिशातच ठेवले. शेठनी खिळ्यावरचा जुडगा काढून बाईंच्या हातात दिला.

"घ्या. चौल तुमचं."

बाईंनी जुडगा घेतला, चाव्या मोजल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "साहेब, चाव्या मिळाल्याची पोच लिहून घ्या माझ्याकडून. आणि त्या चोवीस कागदांची तुमच्याकडून राहिलीय, तीही द्या."

मी दोन्ही लिहिल्या. एकीवर त्यांनी सही केली, एकीवर मी.

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. मला वाटलं, विषय संपला. ती स्वयंपाकघरात रिकाम्या फळीकडे बघत उभी होती.

"त्यांना पोच मिळाली," ती म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरातून कागद गेला त्याची?"

मी आज्ञाधारकपणे पेन काढलं, खण उघडला आणि सवयीने वरचा कागद ओढून लिहायला बसलो.

"अहो," ती म्हणाली, "आधी उलटा करून बघा."