परदेश सेवा : निल

माजी सैनिकाच्या घरात दोन गोष्टी कधी कमी होत नाहीत, कागद आणि किस्से. कागदांना निदान वाळवी लागते. किस्से मात्र दर वेळी सांगताना थोडे वाढतात! आमच्याकडे दोन्हींचा ढीग झालाय. आमच्याकडे म्हणजे सात रस्त्याला, इब्राहिमभाईच्या झेरॉक्सच्या दुकानात. इब्राहिमभाई फौजेत लंगरचा कुक होता आणि मी क्लार्क. त्याने वीस-बावीस वर्षं जवानांना जेवू घातलं, मी तितकीच वर्षं त्यांच्या नोंदी केल्या. त्यामुळे लोक त्याला अजून दुवा देतात आणि मला नुसतं 'बाबूजी' म्हणतात.

रिटायर झाल्यावर त्याने मशीन टाकलं, मी शेजारी खुर्ची टाकली. ज्याच्या कागदात काही चुकलंय तो सकाळी दहानंतर तिथे येतो, चहा पितो, अर्ज लिहून घेतो आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जातो.

*

फौजेतून सुटताना जवानाला एक पुस्तक मिळतं, डिस्चार्ज बुक. जन्म, भरती, उंची, कुठे कुठे नोकरी केली, सगळं त्यात. त्यात लिहिलंय तेच खरं, बाकी तुम्ही कितीही शपथा घ्या.

एका हवालदाराच्या पुस्तकात उंची होती पाच फूट अकरा इंच. माणूस माझ्या खांद्याला लागतो! मी म्हणालो, "अर्ज करू, दुरुस्त होऊन येईल."

त्याने पुस्तक झटकन मिटलं. "नको बाबूजी. जगात ही एकच जागा हाय, जितं मी बायकूपरीस उंच हाय!"

*

मल्लप्पा आला तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. होटगीचा माणूस, फौजेत ड्रायव्हर होता, आता शेती बघतो. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याने पुस्तक काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "बाबूजी, हे निल खोडायचंय."

झालं होतं असं. गावातल्या शाळेच्या भिंतीवर गावच्या सैनिकांचा बोर्ड लागणार होता. कोण कुठे लढला, कुठे राहिला, सगळं लिहायचं होतं. गुरुजींनी सगळ्यांची पुस्तकं मागवली आणि चावडीपुढे मोठ्याने वाचायला घेतली. मल्लप्पा गेली तीस वर्षं सांगत आलाय, की मी सोमालियाला शांतिसेनेत होतो, तिथे पाण्याचा टँकर चालवला. गुरुजींनी वाचलं, "परदेश सेवा, निल."

त्याची बायको सुगलाबाई बायकांत उभी होती. तिने विचारलं, "निल म्हंजी काय वो गुरुजी?"

गुरुजी म्हणाले, "म्हणजे काही नाही."

आता नुसतं गाव हसलं असतं तर मल्लप्पाने सोसलं असतं. पण ज्या वर्षी तो सोमालियात होता त्या वर्षी त्याचा थोरला भाऊ शेंगाची चटणी घेऊन पंजाबात त्याच्या पलटणीला भेटायला गेला होता. तिथे कुणीतरी सांगितलं, "मल्लप्पा? तो तर वर्षभर इथं नाहीच." पत्रांवर गावाचं नाव नसायचं, नुसता आर्मी पोस्टाचा नंबर. मग काय! होटगीत ठरून गेलं, की मल्लप्पाने पंजाबात दुसरं घर केलंय.

"तिला वाटतं मी लबाड हाय," मल्लप्पा म्हणाला. "भांडत न्हाय. भांडली असती तर बरं झालं असतं की. तीस वर्सं नुसतं बगती माज्याकडं."

*

तो गेला. इब्राहिमभाईने झेरॉक्स काढायला पुस्तक काचेवर उपडं ठेवलं, परत उचललं आणि चश्मा पुसून नीट बघितलं.

"बाबूजी, ये तो आपका हात है!"

मी ते पहिल्या नजरेतच ओळखलं होतं. माझ्या N ची शेपटी खाली वळते, सगळ्या रेजिमेंटला माहीत होती.

आता हे कसं झालं ते सांगतो. फौजेत रकाना रिकामा सोडणं म्हणजे गुन्हा. एखादी गोष्ट नसेल तर 'नाही' असं लिहायचं, म्हणजे निल. सुटणाऱ्या जवानांची पुस्तकं आम्ही एका सकाळी चाळीस-चाळीस भरायचो. परदेश सेवेच्या रकान्यात जवळजवळ सगळ्यांचं निलच. मग आम्ही काय करायचो? आधी सगळ्या पुस्तकांत तेवढाच रकाना भरून टाकायचा. निल, निल, निल! मूळ नोंदी नंतर बघू. त्या दिवशी ते 'नंतर' राहून गेलं. मल्लप्पाला मी आठवत नव्हतो. टेबलापलीकडचा क्लार्क कुणाला आठवतो?

"बोल दो उसको," इब्राहिमभाई म्हणाला.

"आधी दुरुस्त करतो, मग सांगतो," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. मी नोंद बघून लिहिलं असतं तर ते पुस्तक दाखवून मल्लप्पा पंचवीस वर्षांपूर्वी, रिटायर झाला तेव्हाच घरात खरा ठरला असता, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

*

मूळ नोंदी इतक्या वर्षांनी हाती लागत नव्हत्या, आणि दुरुस्तीला पुरावा लागतो. मी विचारलं, "फोटो आहे?"

"हाय की." त्याने फोटो दिला. पांढराशुभ्र टँकर, पुढून मागून सगळा आलेला. कडेला एक हात आणि एक बूट.

"यात तू कुठं आहेस?"

"तो हात माजा हाय," मल्लप्पा म्हणाला. "फोटो काढनाऱ्याला टँकर लई आवडला हुता."

"बरं, मेडल? शांतिसेनेचं मेडल मिळालं असेल ना?"

मल्लप्पा खाली बघायला लागला. आमच्या दक्षिणेच्या गावांत कारहुणवीच्या सणाला बैल सजवून पळवतात, वेस आधी ओलांडेल तो पहिला. रिटायर झाल्याच्या वर्षी याने हौसेने मेडल बैलाच्या कपाळाला बांधलं. बैल सुटला तो वेस ओलांडून कुणाच्या तरी उसात. संध्याकाळी बैल परत आला, मेडल आलं नाही.

"पर बैल पयला आला," मल्लप्पा म्हणाला.

इब्राहिमभाई म्हणाला, "तो मेडल सही जगह गया!"

*

मग साक्षीदार. मल्लप्पाच्या आठवणीत अक्कलकोटचा एकजण होता, शिवशरण, सोमालियात याच्याच कॅम्पात. आम्ही तिघं त्याच्या दारात उभे राहिलो. त्याने मल्लप्पाला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "यारप्पा नीनु?"

कोण रे तू! झालं, म्हटलं, बसभाडं वाया. मल्लप्पाने कानडीत त्याला टँकर सांगितला, कॅम्प सांगितला, वाळूचं वादळ सांगितलं. शिवशरण एकदम उठून उभा राहिला. "तू व्हय तो! सतरा दिवस मला अंगोळीला पानी दिलं न्हाईस!"

"अरे प्याला दिलं की!"

"प्याचं कोन इचारतंय? अंगोळीचं बोल!"

दोघंही दोन वेळचं जेवण होईपर्यंत भांडले आणि मग गळ्यात पडून रडले. प्रतिज्ञापत्र द्यायला शिवशरण आनंदाने तयार झाला, पण मजकूर स्वतःच सांगणार म्हणाला. मी लिहून घेतला तो असा: 'मी शपथेवर लिहून देतो की सदर मल्लप्पा हा मोगादिशू येथे पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता व त्याने मला सलग सतरा दिवस अंघोळीस पाणी दिले नाही.' एक शब्द कमी करायला तो तयार नव्हता. पाठवलं तसंच.

दोन महिन्यांनी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. 'अंघोळीच्या पाण्याबाबतची तक्रार मुदतबाह्य आहे. परदेश सेवेबाबत त्या काळातील लेखी पुरावा जोडावा.'

*

शेवटी आम्ही इब्राहिमभाईच्या स्कूटरवरून होटगीला गेलो. म्हटलं, पेट्या तरी उलथ्यापालथ्या करून बघू. सुगलाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. आम्ही आल्याचं तिने बघितलं, बसायला घोंगडं टाकलं, पण शेंगा सोडल्या नाहीत.

मी म्हणालो, "वहिनी, त्या वर्षातला एखादा कागद पाहिजे. कसलाही चालेल."

तिने मल्लप्पाकडे बघितलं. मला तोवर त्या बघण्याबद्दल नुसतं ऐकून माहीत होतं. माणूस उन्हातून सावलीत सरकावा तसा मल्लप्पा माझ्यामागे सरकला.

"त्या वर्साचा?" ती म्हणाली. "हाय की एक. माज्याजवळ."

आत गेली, लग्नातल्या शालूच्या घडीतून काहीतरी काढून आणलं आणि माझ्यापुढे टाकलं. "वाचा. मोट्यानं वाचा. शेजारीपाजारी ऐकू जाऊ द्या. पंजाबातल्या बाईचं राशनकार्ड हाय ते!"

पिवळं कार्ड होतं. घडीचं, इंग्रजीत छापलेलं, शिक्के मारलेलं. मल्लप्पा रिटायर होऊन आला तेव्हा तिला ते त्याच्या पेटीत सापडलं होतं. त्या सुमाराला गावात नवी पिवळी रेशनकार्डं वाटली जात होती. तिने दोन्ही कार्डं शेजारी ठेवून बघितली आणि काय समजायचं ते समजून घेतलं.

मल्लप्पा ओरडलाच, "अगं, ह्ये कार्ड तर मी पेटीभर हुडकलं!"

"तुमी हुडकत हुता म्हनून तर दडवलं!"

मी कार्ड उघडलं आणि उजेडाकडे धरलं. आफ्रिकेत जाणाऱ्या माणसाला पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते, तिचं ते कार्ड. वर मल्लप्पाचं नाव आणि फौजेचा नंबर. आत दुसऱ्या पानावर कॉलऱ्याच्या सुईची नोंद, तारीख, डॉक्टरची सही आणि गोल शिक्का, कॅम्प हॉस्पिटल, मोगादिशू.

"नाव कुनाचं हाय?" सुगलाबाईने विचारलं.

"मल्लप्पाचं."

"अन तिचं?"

"तिचं नाही वहिनी. यात फक्त सुया टोचल्याचं लिहिलंय. एक इथं आणि एक मोगादिशूला."

"ते कुटं आलं? पंजाबात?"

"समुद्राच्या पल्याड, भाभी," इब्राहिमभाई म्हणाला. "आफ्रिका. आपका आदमी सच बोलता था."

ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "भावकीच्या लग्नात मी पुढं बसत न्हाय. बायका कुजबुजत्यात म्हनून मागं बसती. तीस वर्सं." मला खाली बघावंसं वाटलं. मल्लप्पा तिच्याजवळ जाऊन नुसता उभा राहिला.

तिने पदराने डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "मंग मी इतकी वर्सं रुसले कुनावर?"

"मोगादिशूवर!" इब्राहिमभाई म्हणाला. ती हसली. मल्लप्पा म्हणतो, तशी ती लग्नानंतर पहिल्या वर्षात हसायची.

*

कार्ड पाठवलं आणि पुढचं सगळं सरळ झालं. चार महिन्यांनी पुस्तक परत आलं. माझं निल लाल शाईने खोडलेलं, शेजारी अधिकाऱ्याची सही, शिक्का आणि त्यावर स्वच्छ अक्षरात 'सोमालिया, एक वर्ष एक महिना'. शाळेच्या बोर्डावर गुरुजींनी सोमालिया रंगवून घेतलं. त्या आठवड्यात भावकीत एक लग्न होतं. सुगलाबाई पहिल्या रांगेत, बरोबर मध्ये बसली, आणि पर्समध्ये पुस्तकातल्या त्या पानाची झेरॉक्स घेऊन बसली! कुणी विचारलं नाही तरी दाखवत होती.

लग्नानंतर तिने आम्हाला जेवायला बोलावलं. वाटेत इब्राहिमभाई एवढंच म्हणाला, "आज बोलोगे ना?"

आम्ही तिघं ओळीने पाटावर बसलो. आतून भाकरीचा वास येत होता. सुगलाबाई दारात येऊन म्हणाली, "भाऊ, तुमचे लई उपकार झाले. तुमी नसता तर त्ये निल आमच्या जल्माला चिकटलं असतं."

मग मला राहवेना. मी म्हणालो, "वहिनी, उपकार कसले. ते निल मीच लिहिलं होतं. माझ्या हाताने. न बघता."

मल्लप्पाने माझ्याकडे बघितलं. इब्राहिमभाईने छताकडे बघितलं. सुगलाबाई आत गेली, आणि आत बराच वेळ भांड्यांचा आवाज आला.

ती ताटं घेऊन बाहेर आली. पहिलं मल्लप्पापुढे ठेवलं. गरम भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी, वर लोण्याचा गोळा. दुसरं इब्राहिमभाईपुढे, तस्संच. तिसरं माझ्यापुढे ठेवलं. घासून लख्ख केलेलं, आणि रिकामं.

कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "तुमचं निल, भाऊ."