न चिडणारा मास्तर

टॅबलेट नवे होते तेव्हाची गोष्ट. पनवेलच्या एका सभागृहात शैक्षणिक प्रदर्शन भरलं होतं आणि मी त्याची बातमी करायला गेलो होतो. दहावीचा अभ्यास भरलेले टॅबलेट विकणारा एक माणूस दाराजवळच्या टेबलामागे उभा होता. गळ्यात टाय, हातात पिवळं फडकं. कुणी काचेला बोट लावलं की तो लगेच डाग पुसायचा. शिक्षणातली क्रांती त्याला डागाळलेली चालत नसावी.

करंजा गावातली एक मासे विकणारी बाई मुलीला घेऊन आली. "पोरीचं गणित रायलंय," ती म्हणाली. "ऑक्टोबरला परत बसाचं हाय."

त्याने बीजगणिताचा धडा लावला. मुलीने तो नीट पाहिला आणि मधेच काचेवर बोट ठेवून विचारलं, "हे उणे पलीकडं गेल्यावर अधिक कसं झालं?"

त्याने तोच धडा पुन्हा लावला. टॅबलेटने तेच वाक्य त्याच आवाजात म्हटलं.

"कितीही वेळा बघ. मास्तर चिडतात, हा चिडत नाही," तो म्हणाला.

"मास्तर चिडतात, पन मंग दुसऱ्या रीतीनं सांगतात," मुलगी म्हणाली.

तो जाहिरातीतल्यासारखा हसला. "प्रश्न विचारायची सोय पुढच्या मॉडेलमध्ये येतेय, ताई."

बाईने ते खरं मानलं. "ऑक्टोबरच्या आधी येल काय?"

त्याने फडकं उचललं आणि मुलीच्या बोटाचा ठसा पुसून टाकला.