शेंदराखालचा लेख

कॉलेजात सगळे त्यांना 'थांबासर' म्हणत. कुठल्याही देवळाच्या उंबऱ्याशी पोचलो की सर छत्री आडवी धरत आणि म्हणत, "थांबा. आधी विचारू." मग गावातलं कोणी येऊन हो म्हणेपर्यंत आम्ही इतिहासाचे विद्यार्थी उन्हात उभे. पन्नास सालानंतरची ती वर्षं. जुन्या मूर्ती आणि वीरगळ पाहायला सर आम्हाला सुट्टीत रिसोड, शेलूबाजार, पार आसेगावपर्यंत हिंडवत.

गावाने नकार दिला तर सर निबंधात तसंच लिहीत, 'गावाने पाहू दिले नाही.' विद्वान मंडळी हसत. सर म्हणत, "नकार हीसुद्धा नोंदच आहे."

आसेगावकडच्या एका खेड्यात देवीचं दगडी देऊळ होतं. ते कुठल्या राजाने नव्हे, तर गावच्या तेल्यांनी बांधलं, असं सरांचं मत होतं. त्यावर त्यांचं पुस्तकही लिहून होत आलं होतं. पुरावा तेवढा नव्हता. मूर्तीवर शेंदराचं जाड कवच चढलेलं. पायाशी एक खपली निघाली होती आणि तिथे दोन-चार अक्षरं दिसत होती. सरांनी पूजा करणाऱ्या कौसाबाईला विचारलं. ती म्हणाली, "मायचं आंग सोलू नका, मास्तर."

सरांनी हात जोडले आणि मागे फिरले. वाटेत वसंता, आमच्यातला सर्वांत हुशार, त्यांच्याशी वाद घालू लागला. ज्ञान सगळ्यांचं असतं, असं त्याचं म्हणणं. सर एवढंच म्हणाले, "असेल. पण देवी त्यांची आहे."

दिवाळीनंतर मी सरांच्या घरी बसलो असताना वसंता आला. कौसाबाई शेतात गेलेली पाहून त्याने पटाशीने मूर्तीवरचा सगळा शेंदूर खरवडला होता आणि लेखाचा कागदावर ठसा घेतला होता. सरांसाठीच केलं होतं सगळं. चेहरा आनंदाने फुलला होता. सरांनी ठसा वाचला. त्यात तेल्यांची नावं होती. सरांनी तो पुन्हा वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"हे मला वापरता येणार नाही, वसंता."

"पण सर, तुमचंच खरं ठरलं."

"ठरलं. पण मिळालं कसं?"

दुसऱ्या दिवशी सर मला घेऊन त्या खेड्यात गेले. देवी उघडी पडली होती. पटाशी घसरून गालाचा टवका उडाला होता. सरांनी माफी मागितली, तेव्हा कौसाबाई हळूच म्हणाली, "तुमी तं इचारलं होतं, मास्तर. तुमाले काय बोलू? पन आता तिच्याकडं पाहून हात जोडवत नाई मले."

सर उंबऱ्यावरच बसून राहिले. त्यानंतर त्यांनी विद्यार्थ्यांना कुठे नेलं नाही. पुस्तक पुराव्याअभावी प्रकाशकाकडून परत आलं. वसंताने लेख स्वतःच्या नावावर छापला आणि मोठ्या जागी लागला. सर गेले तेव्हा तो आला होता. कोपऱ्यात उभा राहून लहान मुलासारखा रडला.

त्या देवळात आता दिवा लागत नाही. गावाने ओढ्यापलीकडे दुसरी देवी मांडली आहे. बाहेरच्या माणसाला ती दाखवत नाहीत. सरांची बातमी द्यायला गेलो, तेव्हा कौसाबाईने मला तिथे नेलं. पुढे जन्मभर मी याच भागातल्या देवस्थानांवर लिहीत आलो. त्या लिखाणात ओढ्यापलीकडच्या देवीबद्दल एक ओळही नाही.