हिराची जीभ

हे आमच्या ह्यांनाही कधी कळलं नाही. ‘हिनं आयुष्यभर ग्रंथाची सेवा केली’ असं समजूनच ते गेले. सेवा म्हणे! जाऊ दे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीच्या माणसाला सांगायची माझी छाती नाही.

पंचवटीत देवळामागच्या सभागृहात मी बायकांचा वर्ग घेते. दुपारी, घरची आवराआवर झाली की. ग्रंथ पाठ करून घ्यायचा, अर्थ सांगायचा, आणि — हे मी फार ठासून सांगायचे — घरी तसं वागायचं. नुसती पोपटपंची मला चालणार नाही, असं दम देऊन सांगायचे. बोलायला काय जातंय?

त्या वर्गात हिरा आली. पेठकडच्या आदिवासी पाड्यावरची. नवरा इथे नोकरीला, ही अंगणवाडीत मदतनीस. तिनं आडनाव सांगितलं तशी पुढच्या ओळीतल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला दिसलं ते. मी न पाहिल्यासारखं करून पोथी उघडली. तिथेच सुरुवात झाली का? असेल.

पण काय म्हणायची हो ती! पोरांना न्हाऊ घालताना म्हणायची, भांडी घासताना म्हणायची. आणि वागायची तशी. वर्गातल्या एका म्हातारीचं हाड मोडलं तेव्हा आम्ही सगळ्या फळं घेऊन एकदा जाऊन आलो. हिरा रोज जाऊन तिची वेणी घालत होती, हे मला फार नंतर कळलं. वर्षभरात तिचा सगळा ग्रंथ मुखोद्गत झाला. माझा झालेला नाही, आजही नाही. निघालंच आहे तर तेही सांगून टाकते.

आमच्याकडे एक पद्धत आहे. ग्रंथ पाठ झालेल्या बाईनं समाप्तीच्या दिवशी आसनावर बसून शेवटचा अध्याय म्हणायचा. मग तिला हार घालायचा आणि सगळ्यांनी तिच्या पाया पडायचं. वयानं मोठ्या असल्या तरी. ही पद्धत मीच घालून दिली, मोठ्या कौतुकानं.

त्या वर्षी मान हिराचा. तिनं साडी घेतली, गावाकडून आईवडिलांना बोलावून घेतलं.

सभागृह ज्यांचं, त्या घरच्या वहिनींनी मला चहाला बोलावलं. “म्हणू दे की तिला. पण खाली बसून. तिच्या पाया कोण पडणार हो?” अगदी गोड आवाजात, बिस्किटं पुढे करत. मी काय म्हणायला हवं होतं? तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. त्याच शेवटच्या अध्यायात आहे — सगळ्यांच्या ठायी तो एकच. त्यावर मी बोलायला लागले की बायका पदरानं डोळे टिपायच्या.

मी म्हटलं, “बघते मी.”

सभागृह गेलं तर वर्ग कुठे घ्यायचा, अशी मी मनाची समजूत घातली. खोटं आहे ते. पंचवटीत सभागृहांना काय तोटा? मला वहिनींच्या मनातून उतरायचं नव्हतं, बस्स.

बरं, हिराला निदान खरं तरी सांगायचं — की बाई गं, या अशा आहेत आणि मी भित्री आहे. तिनं मला मनात चार शिव्या घातल्या असत्या आणि ग्रंथ तिचा तिच्यापाशी राहिला असता. पण मला तिच्याही मनातून उतरायचं नव्हतं ना!

मी तिला ओट्यावर बोलावून सांगितलं, “हिरा, तुझी जीभ जड आहे. उच्चार बसत नाहीत. आसनावरून म्हटलंस तर ग्रंथाचा अपमान होईल.”

जड? तिच्याइतकं स्वच्छ माझ्या वर्गात कुणीच म्हणत नव्हतं.

ती रडली नाही. तिनं कान पकडले. “माफ करा ताई. मला कळलंच नाय. तुमी सांगितलं म्हणून लाज वाचली.”

समाप्तीला वहिनींची सून आसनावर बसली, तिनं अध्याय पोथीत बघून वाचला. हिरा आईवडिलांना घेऊन मागे बसली होती. रांगेत येऊन तिनंही सुनेच्या पायावर डोकं ठेवलं.

इथेच संपलं असतं तरी एक वेळ — नाही, संपलं नाही. ती वर्गाच्या आधी लवकर येऊ लागली. जीभ सुधारायला! आता माझं खोटं उभं राहायला हवं ना? मग मी तिचे बरोबर शब्द चुकीचे ठरवत बसले. पुन्हा म्हण. नाही, पुन्हा. कितीतरी महिने. हळूहळू ती खरंच अडखळायला लागली. शब्द तोंडाशी यायचा आणि ती माझ्या तोंडाकडे बघायची, भेदरून. मग एक दिवस यायचीच थांबली. मला — काय सांगू — सुटल्यासारखं वाटलं.

परवा, इतक्या वर्षांनी, भाजीबाजारात भेटली. सोबत कॉलेजात जाणारी लेक. पोरीनं वाकून नमस्कार केला आणि वर्गाला येऊ का, म्हणून विचारलं. हिराच घाईनं म्हणाली, “नको गं. आपल्या घराण्याचीच जीभ जड. विचार ताईंना.”

लेक माझ्याकडे बघत राहिली. आजूबाजूला वहिनी नव्हत्या, वर्गातलं कुणी नव्हतं. एक शब्द पुरला असता.

मी म्हटलं, “हो.”