चेहऱ्याआधी कोट

शहरातल्या मोठ्या माणसांची तैलचित्रं काढण्यात कोटवाल्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोटवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते आधी कोट रंगवायचे आणि चेहरा मागाहून, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. वकील म्हटला की काळा डगला आणि बोटांखाली जाडजूड पुस्तक, डॉक्टर म्हटला की पांढरा कोट आणि गळ्यात स्टेथोस्कोप. "आधी हुद्दा दिसला पाहिजे. नाक काय, सगळ्यांनाच असतं," असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे.

त्यांच्या मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला, त्याच आठवड्यात बापाने त्याचा पांढरा कोट रंगवून टाकला. बघा उतावळेपणा! चेहऱ्याची जागा तेवढी कोरी ठेवली, पास झाल्यावर भरायची म्हणून. पोराने दुसऱ्याच वर्षी कॉलेज सोडलं आणि तो ट्रकवर ड्रायव्हर झाला. कोटवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका घरात राहून चार वर्षं बापलेकांचा अबोला, आणि मधल्यामध्ये आईची फरफट.

मग एका वळणावर ट्रक उलटला. पोरगा जागच्या जागी गेला.

महिन्याभराने कोटवाल्यांनी तो कॅनव्हास बाहेर काढला. प्रवेशाच्या वेळचा फोटो समोर ठेवून, रडत रडत चेहरा भरला. उभ्या आयुष्यात इतका जिवंत चेहरा त्यांच्या हातून उतरला नव्हता. चित्र भिंतीवर लागलं आणि म्हातारा चार घास जेवायला लागला.

त्या रविवारी मुलाचा जोडीदार ड्रायव्हर भेटायला आला. चित्रापुढे बराच वेळ उभा राहून हळूच म्हणाला, "काका, हा त्याचा धाकटा भाऊ का? भाऊ डॉक्टर आहे, हे कधी बोलला नाही तो."

"आम्हाला एकच होता," आई म्हणाली आणि चहाचा कप ठेवून आत निघून गेली.

पाहुणा बिचारा ओशाळून उठला. तो गेल्यावर कोटवाल्यांनी चित्र खाली उतरवलं आणि सुरीने कोट खरवडून काढला, पार कापडापर्यंत. नवा रंग कालवायला घेतला आणि हात थांबला. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन त्यांनी विचारलं, "अगं, कामावर जाताना शर्ट कुठल्या रंगाचा घालायचा गं तो?"

तिने मान वर केली नाही. "मला काय विचारता? चार वर्षं रोज सकाळी तुमच्या समोरूनच जायचा की."

कोटवाले तिथेच उंबऱ्यावर बसले. त्यांना खरंच आठवत नव्हतं.