इर्मट्राउडचं नाक

बेकरीत अडतीस वर्षं काढलेल्या इर्मट्राउडचा स्वतःच्या नाकावर फार विश्वास होता. पिठाच्या पोत्याला ओल लागली, की तिला गोदामाच्या दारातच कळे.

निवृत्तीनंतर ती आणि नवरा डेटलेफ जर्मनीतल्या ब्रेमेनजवळच्या एका विक्रेत्याकडे चाकांवरचं घर घ्यायला गेले. सगळी शिल्लक त्यात जाणार होती. डेटलेफ एका पांढऱ्याशुभ्र गाडीत शिरला आणि पलंगावर आडवाच झाला.

"अगं, पाय मावतात! घेऊन टाकू."

"पाय मावतात म्हणून घर घेतात होय? ऊठ आधी!"

विक्रेते रिकमर्स हसत कॉफी घेऊन आले. आत लिंबाचा सुवास दरवळत होता.

"साहेब, कॉफी बाहेर न्या, आणि ती सुगंधी डबीही. दारं-खिडक्या लावून मला दहा मिनिटं बसू द्या."

रिकमर्सांचं हसू जरा आटलं. दहा मिनिटांनी इर्मट्राउडनं मागच्या कपाटात डोकं घातलं आणि कोपऱ्यातली भिंत अंगठ्यानं दाबली. भिंत ताज्या पावासारखी आत गेली.

"आत पाणी मुरलंय, साहेब."

डेटलेफचं तोंड उतरलं. ती मात्र रांगेतल्या शेवटच्या, जुनाट तपकिरी गाडीत जाऊन पुन्हा तशीच बसली.

"इथे नुसता कुत्र्याचा वास आहे. तो जाईल."

डेटलेफ तिथंही आडवा झाला. पावलं पलंगाबाहेर आली.

"पाय दुमडून झोपेन मी," तो म्हणाला.

"चाळीस वर्षं तसाच तर झोपतोयस!" इर्मट्राउड म्हणाली आणि तिनं रिकमर्सांकडे कॉफी मागितली.