बोडीत विझलेला यंत्रमानव

यंत्रमानवाच्या पोटातली तणस पेटली, तेव्हा आत माझा नवरा होता. चाळीसेक वर्षं झाली. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा होती आणि सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावात गड्यांनी नेहमीची नाचगाण्याची दंडार सोडून नवंच नाटक बसवलं होतं. बांबूच्या तट्ट्यांवर तेलाच्या डब्यांचे पत्रे ठोकलेला यंत्रमानव शहर मोडतो आणि पाच वीर त्याला हरवतात. अंग फुगीर दिसावं म्हणून आत धानाची वाळकी तणस कोंबली होती, आणि डोळे चमकावेत म्हणून नवऱ्यानं तिथंच रॉकेलची चिमणी ठेवली. अक्कल तेवढीच. कागदाची घरं तुडवत तो ओरडत सुटला, "अबे, काढा ना मले बाहेर!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. वीर माझी लुगडी शेल्यासारखी पाठीवर बांधून पडद्याआड बिड्या ओढत होते. मी धावत तिथं गेले. एक म्हणाला, "वहिनी, आमची एन्ट्री अजून आली नाही." "एन्ट्री गेली चुलीत! माहा माणूस खरंच जळून राह्यला!" मग मात्र पाचही धावले. अंगावर लुगडी टाकून, ढकलत नेऊन त्यांनी त्याला शेजारच्या बोडीच्या पाण्यात पाडलं आणि तिथंच पत्रे उचकटून बाहेर ओढलं. एकाचे दोन्ही हात भाजले, तरी नवरा बाहेर येईपर्यंत त्यानं सोडलं नाही. जळालेल्या लुगड्यांचा विषय मी कधी काढला नाही. अजूनही कुणी धानाच्या बांधीत तणस जाळली की तो वास येतो आणि त्या पाचांना मी मनातच हात जोडते. नवरा ओसरीवर खोकत बसलेला असतो. त्या आगीतून तो आणि ते पाचही, सगळे जगले.